अंडाशयाचा रोग अंडाशयाबाहेर

मी वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेण्यांत गेला, आणि परीक्षांच्या शिडीवर आमचें पाऊल मॅट्रिकच्या पायरीपुढें पडलें नाहीं, हें या सदराच्या नित्य वाचकांस ठाऊकच आहे. तथापि गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें जें पत्र आलें, त्यांतील प्रश्न वैद्यकाचा असला तरी त्याच्या मुळाशीं शब्दार्थाचा घोटाळा आहे. आणि शब्दार्थाचे घोटाळे सोडविणें हा तर आमचा पिढीजाद धंदा!

त्या लिहितात: “सासूबाईंचें वय ६४ आहे. १८ वर्षांपूर्वीं त्यांचा गर्भाशय व दोन्ही अंडाशय शस्त्रक्रियेनें काढले. यंदा गौरींच्या सुमारास त्यांचें पोट फुगूं लागलें. दोन घांस खाल्ले कीं पोट भरल्यासारखें होई. पोटांतील पाणी काढून व तुकडा तपासून डॉक्टरांनीं लिहून दिलें आहे कीं, हा उदरावरणाचा कर्करोग असून तो अंडाशयी जातीचा आहे. घरांतील वडील मंडळी म्हणतात, जो अवयव देहांतच नाहीं त्याचा रोग कसा होईल? तपासणींत अदलाबदल झाली असली पाहिजे. उपचार थांबवावे असें घाटत आहे. शिवाय धाकट्या वन्संचें लग्न ठरावयाचें आहे, म्हणून रोगाचें नांव बाहेर फोडूं नये असेंहि ठरलें आहे. आपण काय म्हणतां?”

माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, उपचार थांबवूं नयेत. दुसरें मत अवश्य घ्यावें. त्याची रीत पुढें सांगतों. परंतु हें निदान असंभवनीय आहे असें समजून घरीं मात्र बसूं नये. ‘नाहीं त्या अवयवाचा रोग’ ही गोष्ट ऐकावयास विपरीत वाटली तरी वैद्यकाच्या ग्रंथांत ती नमूद आहे, आणि तिची उपपत्तीहि लागते.

प्रथम नांवाचें पाहूं. कर्करोगाचें नांव दोन गोष्टींवरून पडतें: तो उगवला कोठें, आणि त्याच्या पेशींची घडण कशी. बहुधा दोन्ही एकच असतात, म्हणून घोटाळा होत नाहीं. कोल्हापुरी वहाणेचें उदाहरण घ्या. ती अथणीकडेहि होते, निपाणीकडेहि होते. २०१९ सालीं त्या वहाणांना जें भौगोलिक मानांकन मिळालें, तें महाराष्ट्रांतील ४ व कर्नाटकांतील ४ अशा आठ जिल्ह्यांना मिळून दिलेलें आहे. वहाण अथणीची असली म्हणून ती कोल्हापुरी नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. येथें ‘कोल्हापुरी’ हें घडणीचें विशेषण आहे, गांवाचें नव्हे. डॉक्टरांच्या कागदावरील ‘अंडाशयी’ हा शब्दहि असाच घडणीचें विशेषण आहे.

आतां अंडाशयाची घडण उदरावरणांत आली कोठून? पोटाच्या पोकळीला आंतून जें पातळ, ओलसर अस्तर असतें, जें आंतड्यांवरूनहि पसरलेलें असतें, त्यास उदरावरण म्हणतात. गर्भावस्थेंत शरीराच्या पोकळीला एक आदिम अस्तर असतें. त्यापासून हें उदरावरण होतें, अंडाशयाचा बाहेरचा पापुद्राहि होतो. आणि त्याच अस्तराची एक घडी आंत वळून जी नळी बनते — म्युलर नांवाच्या जर्मन पंडिताच्या नांवानें ती ओळखली जाते — तिच्यापासून पुढें गर्भाशय व अंडवाहिन्या तयार होतात. म्हणजे ही सर्व मंडळी सगोत्र! तेव्हां अंडाशयाचें रूप उदरावरणांत प्रकट झालें तर त्याचें मूळ या गोत्रांत असावें, अशी पूर्वींची उपपत्ति होती. स्वर्डलो नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें १९५९ सालीं अशा रोगाचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें: ओटीपोटांतील उदरावरणावर गांठ, घडण हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगाची.

पुढें १९८२ सालीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. ज्या घराण्यांत अंडाशयाचा कर्करोग वारंवार होत असे, अशा घराण्यांतील २८ स्त्रियांनीं रोग होण्यापूर्वींच खबरदारी म्हणून आपले अंडाशय काढून घेतले होते. त्यांपैकीं ३ स्त्रियांना पुढें उदरांत पसरलेला, अंडाशयी घडणीचाच कर्करोग झाला. आमच्या पत्रलेखिकेच्या घरांतील वडील मंडळींनीं काढलेला प्रश्नच त्या वेळीं मोठमोठ्या शस्त्रवैद्यांपुढें उभा राहिला होता.

या कोड्याची दुसरी उकल हॉलंडमधून आली. तेथील संशोधकांनीं २००१ सालीं, आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या काढून टाकलेल्या अंडवाहिन्या बारकाईनें तपासल्या. तोंवर सर्वांचें लक्ष अंडाशयावर; अंडवाहिनीकडे कोण पाहणार? पण कर्करोगाच्या आधींच्या अवस्थेंतील पेशी त्यांना सांपडल्या त्या अंडवाहिन्यांत. अंडवाहिनीचें अंडाशयाकडील टोंक झालरीसारखें असून तें उदराच्या पोकळींत उघडें असतें. त्या झालरींतील बिघडलेल्या पेशी गळून अंडाशयावर पडल्या तर रोग अंडाशयाचा दिसतो, उदरावरणावर पडल्या तर उदरावरणाचा. पुढें बोस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञांनीं ही झालर पातळ चकत्या करून संपूर्ण तपासण्याची पद्धति घालून दिली, आणि जेथें पूर्वीं कांहींच आढळत नव्हतें तेथें रोगाचें मूळ आढळूं लागलें. आज या जातीच्या बहुसंख्य कर्करोगांचा उगम अंडवाहिनींत असावा असें तज्ज्ञांचें मत झालें आहे. प्रत्येक रोगिणींत तो दाखवितां येतो असें मात्र नाहीं. अंडाशय काढण्यापूर्वींच कांहीं पेशी उदरांत सांडल्या असतील, किंवा अंडवाहिनी मागें राहिली असेल, तर पुष्कळ वर्षांनीं रोग उद्भवूं शकतो.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या मलकापूर-शाहूवाडीकडे बायका सांगतात, “पिशवी काढली.” काय काढलें? केवळ गर्भाशय? अंडाशयहि? अंडवाहिन्या? दहांतल्या नऊ जणींना ठाऊक नसतें, आणि घरांतील पुरुषांना तर त्याहून नसतें. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न एवढा गाजला कीं शासनास चौकशी समिति नेमावी लागली. तें दुःख निराळें, पण सुशिक्षितांच्या घरीं तरी काय असतें? जमिनीचा सात-बारा लोखंडी पेटींत, आणि शस्त्रक्रियेचा कागद रद्दींत. वीस वर्षांनीं डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि उत्तर द्यावयास कोणी नसतें.

आतां निदानाविषयीं. या रोगाचीं लक्षणें अशीं आहेत कीं त्यांकडे लक्ष जाऊंच नये! पोट फुगणें, लवकर तृप्ति होणें, ओटीपोटांत जडपणा, वारंवार लघवीस जाणें, बद्धकोष्ठ. आमच्या घरांतून साठीच्या बाईला यांपैकीं कांहीं झालें तर ओंवा, हिंग, सुंठ, आणि “वयानुसार चालायचेंच” एवढ्यावर भागतें. उपवासाचे पदार्थ बाधले असें स्वतः तीच सांगते. पातळाचा घेर अपुरा पडूं लागतो तेव्हां कोणाच्या तरी लक्षांत येतें. हीं लक्षणें नवीन असून दोन-तीन आठवडे बहुतेक रोज होत असतील, तर डॉक्टरांस दाखवून पोटाची व ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, इतका साधा नियम आहे.

सोनोग्राफींत पोटांत पाणी दिसतें, आणि अंडाशय मात्र असले तरी बेताचे, निरोगी दिसतात. येथेंच पहिला चकवा होतो. “अंडाशय ठीक आहेत” हें वाक्य ऐकून सर्वांस हायसें वाटतें. सी.टी. स्कॅनमध्यें वपाजाल, म्हणजे जठराखालीं पदरासारखा लोंबणारा मेदाचा पडदा, जाड झालेला दिसतो. परंतु चित्रावरून रोगाची जात कळत नाहीं. जठराचा, आंतड्याचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोगहि उदरावरणावर असाच पसरतो. उलट, जठरांतील रोग अंडाशयांत जाऊन तेथलाच असल्याचें सोंग आणतो; अशा गांठींचें वर्णन क्रुकेनबर्गनें १८९६ सालीं केलें, पण त्या मूळच्या अंडाशयाच्याच असें त्याला वाटलें होतें.

आपल्या देशांत याहून मोठा बहुरूपी आहे तो क्षय. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश भारतांत आहेत, आणि क्षय केवळ फुप्फुसाचा असतो असें नाहीं. उदरावरणाच्या क्षयांतहि पोटांत पाणी होतें, वजन घटतें, वपाजाल जाड होतें, आणि दुर्बिणींतून पाहिलें तर सर्व अस्तरावर वरीच्या दाण्यांसारखे पांढुरके कण पसरलेले दिसतात. कर्करोगाचे कणहि कित्येकदां तसेच दिसतात. रक्ताची जी सी.ए. १२५ नांवाची तपासणी आहे, तीहि दोहोंत वाढते. ही तपासणी ज्या द्रव्यावर आधारलेली आहे तें अमेरिकेंतील डॉक्टर बास्ट यांनीं १९८१ सालीं शोधलें. आधींचीं द्रव्यें निरुपयोगी ठरत ठरत १२५ वें लागू पडलें, म्हणून हा आंकडा. तिची मर्यादा ३५ मानतात. पण क्षयानें पोटांत पाणी झालें तर आंकडा शेंकड्यांत जातो. यकृताच्या विकारांत वाढतो. गर्भारपणांत व मासिक पाळींतहि वाढतो. तेव्हां ‘आंकडा वाढला म्हणजे कर्करोग’ हेंहि खोटें, आणि ‘पाणी झालें म्हणजे क्षय’ हेंहि खोटें.

हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. आमच्या पेठेंतील एका बाईंना पोटांत पाणी झालें म्हणून पाणी व तुकडा न तपासतांच क्षयाचीं औषधें सुरू केलीं गेलीं, आणि पांच महिने तींच चालूं राहिलीं. पाणी ओसरेना, तेव्हां कोल्हापूर गांठलें, तुकडा तपासला, रोग हाच निघाला. मध्यंतरीं त्यांची शक्ति एवढी क्षीण झाली होती कीं शस्त्रक्रिया लांबवावी लागली. याच्या उलटहि घडतें: कर्करोग समजून पोट उघडावें आणि आंत क्षय निघावा, जो औषधांनीं पूर्ण बरा होण्यासारखा असतो. दोन्ही अनर्थ टाळण्याचा मार्ग एकच आहे. पोटांतील पाणी पेशींसाठीं व क्षयासाठीं तपासणें, आणि सुईनें किंवा दुर्बिणीनें अस्तराचा वा वपाजालाचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. तुकडा घेतल्यानें रोग भडकतो ही समजूत आमच्याकडे फार खोल रुजलेली आहे. तिच्यापायीं निदान अडून बसतें, आणि रोग आपल्या गतीनें वाढतोच.

संस्कृतज्ञ वाचकांस आठवेल कीं, चरकानें उदररोगाचे आठ प्रकार सांगून उदकोदर, म्हणजे आपला जलोदर, हा त्यांतील एक मानला आहे. सुश्रुतानें नाभीखालीं छेद घेऊन नळीनें पाणी काढण्याची कृति दिली असून सर्व पाणी एकदम काढूं नये असेंहि बजावलें आहे. निरीक्षण किती सूक्ष्म! स्त्रियांच्या रक्तगुल्माची चिकित्सा दहा महिने लोटल्यावर करावी असें चरक म्हणतो, कारण तोंवर गर्भ व गुल्म यांचा संशय फिटत नाहीं. त्या काळीं थांबणें हीच परीक्षा होती. आज संशय फेडण्यास सोनोग्राफीचीं दहा मिनिटें पुरतात; म्हणून ग्रंथाचें नांव पुढें करून कोणी थांबण्याचा सल्ला देईल तर तो चरकाचा नव्हे, सल्ला देणाराचा समजावा.

तुकडा तपासण्याचें शास्त्र आपल्या प्रांतांत कसें रुजलें, तेंहि सांगण्यासारखें आहे. मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. कर्करोगाचा आणि लोकांच्या राहणीचा संबंध शोधण्याची त्यांची दृष्टि कशी होती पाहा: कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या घर्षणानें होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनीं १९४५ सालीं सहकाऱ्यांसह वर्णिला. आम्हां धोतर नेसणारांस तें वाचून दचकायला झालें! खानोलकरांच्या परंपरेंतील विकृतिशास्त्रज्ञ आज तुकड्यावर निरनिराळ्या रंगप्रक्रिया करून पेशींचें गोत्र ओळखतात. पॅक्स ८ हा रंग अंडाशयी जातीच्या पेशी धरतात, कॅलरेटिनिन धरलें तर रोग उदरावरणाच्या स्वतःच्या पेशींचा, म्हणजे मेसोथेलियोमा, असण्याचा संभव, सी.के. २० व सी.डी.एक्स. २ यांवरून मोठ्या आंतड्याचा संशय येतो. पी ५३ या प्रथिनाची बिघडलेली मांडणी रोगाचा उग्रपणा दाखविते. अर्थात् एका रंगावर भिस्त नसते. चार-पांच साक्षी जुळल्यावर निकाल देतात.

मूळ अंडाशयांत कीं बाहेर, हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें १९९३ सालीं कसोट्या प्रसिद्ध केल्या. अंडाशय आकारानें नेहमीचे असावे, किंवा वाढले असल्यास निरुपद्रवी कारणानें; बाहेरचा रोग अंडाशयावरील रोगापेक्षां अधिक असावा; अंडाशयाच्या आंत शिरकाव नसावा, असल्यास ५ मिलिमीटर लांबी-रुंदीहून कमी, म्हणजे तुरीच्या डाळीएवढाहि नसावा; आणि पेशींची घडण अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगाची असावी. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघानें अंडाशय, अंडवाहिनी व उदरावरण या तिन्ही ठिकाणच्या रोगांस एकच अवस्थाक्रम लावला आहे. त्यांत एक कटु सत्य आहे: उदरावरणाच्या रोगास पहिली अवस्थाच नाहीं. तो सांपडतो तेव्हां पुढें गेलेलाच असतो.

उपचार मात्र तिन्हींचे जवळजवळ सारखेच. दिसेल तेवढा सर्व रोग शस्त्रक्रियेनें काढणें, आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल हीं औषधें शिरेंतून देणें. पुष्कळदां औषधाच्या तीन फेऱ्या आधीं देऊन मग शस्त्रक्रिया करतात. म्हणून पत्रलेखिकेच्या घरीं ‘उगम कोठें’ या वादांत दिवस घालविण्याचें कारण नाहीं.

दुसऱ्या मताची रीत अशी. रोगिणीला घेऊन धांवण्यापूर्वीं प्रयोगशाळेकडून तपासणीच्या काचा आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. ज्या मेणांत तुकडा बसविलेला असतो तो ठोकळा वर्षानुवर्षें टिकतो, आणि त्याच्यावर नव्यानें रंगप्रक्रिया करतां येतात. अदलाबदलीचा संशय असला तरी त्याची शहानिशा ठोकळ्यावरूनच होते; घरांत बसून होत नाहीं. पोटाचें सी.टी., जठराची व आंतड्याची दुर्बिणीची तपासणी झाली असल्यास तिचे कागद, आणि तो अठरा वर्षांपूर्वींचा शस्त्रक्रियेचा कागद सांपडल्यास तोहि, असें सर्व परळास किंवा अन्य मोठ्या कर्करोग रुग्णालयांत एका घरच्या माणसानें नेलें तरी पहिलें काम होतें. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत आपण बसतों काय, याची चौकशी उपचारापूर्वींच करावी.

राहिला धाकट्या वन्संचा प्रश्न. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या जातीच्या रोगाचा कांहीं भाग आनुवंशिक असतो. १९९४ व १९९५ सालीं सांपडलेल्या ब्राका १ व ब्राका २ या जनुकांत दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्यांत, मग मुलगा असो वा मुलगी, उतरण्याचा संभव निम्मा असतो. तो बापाकडूनहि येतो! आमच्याकडे मुलीच्या आरोग्याचा विचार करतांना तिची आई, मावशी, आजी एवढेंच पाहतात. आत्याला काय झालें होतें, हें कोणी विचारीत नाहीं. सासूबाईंच्या रक्ताची ही परीक्षा आधीं व्हावी. तींत दोष निघाला तर लेकी व मुलगे यांनीं आपली करून घ्यावी. दोष असलेल्या स्त्रीनें, मुलेंबाळें झाल्यावर, चाळिशीच्या आसपास अंडाशय व अंडवाहिन्या दोन्ही काढून घेतल्यास धोका पुष्कळच कमी होतो. अगदीं शून्य होत नाहीं. स्तनाच्या कर्करोगावरहि अशा स्त्रीनें लक्ष ठेवावें लागतें. ज्या मुलीसाठीं म्हणून हें नांव दडपून ठेवावयाचें ठरलें आहे, तिलाच तें सर्वांआधीं कळणें अवश्य आहे. लग्नाच्या बोलण्यांत तें केव्हां व कसें सांगावें, हें तिचें तिला ठरवूं द्यावें. पण तिच्यापासून लपविणें हा मला उघड अन्याय दिसतो.

आपल्या पुष्कळ घराण्यांनीं मोठ्या कष्टानें कुलवृत्तान्त छापले आहेत. मूळ पुरुष कोण, कोणत्या गांवाहून आला, कोणास कोणती सनद मिळाली, सारें त्यांत आहे. त्यांतील स्त्रियांच्या नोंदी पाहा: माहेरचें नांव, सासरचें नांव, आणि “अकालीं निधन.” कशानें, तें नाहीं. आमच्या घरच्या वहींत मीं या वर्षीं एक नवा रकाना आंखला आहे. वडील माणसांस विचारून भरावयास बसलों, तर तीन पिढ्यांपलीकडे एकाहि स्त्रीच्या आजाराचें नांव कोणास सांगतां येईना.

आणखी दोघी वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, दर वर्षीं सी.ए. १२५ ची तपासणी करून घ्यावी काय? कोल्हापुरास ‘संपूर्ण स्त्री-तपासणी’ म्हणून तिची जाहिरात त्यांनीं पाहिली. कांहीं त्रास नसलेल्या सामान्य स्त्रीनें ती करूं नये. इंग्लंड व आसपासच्या देशांत ५० ते ७४ वर्षांच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला; २०२१ सालीं त्याचा अंतिम निकाल आला, तेव्हां अशा तपासणीनें मृत्यु कमी झाले नाहींत असें दिसून आलें. ज्यांच्या घराण्यांत असे रोग झाले आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्यांनीं तज्ज्ञांस विचारावें.

जातां जातां एक विनंति. कोणीहि तपासणीचे मूळ कागद माझ्याकडे मलकापुरास पाठवूं नयेत. दोघांनीं पाठविले होते, ते स्पीड पोस्टानें परत केले आहेत.